सीताफळाच्या बियांचं औषध

माझ्या सुनेने मागवलेली एक बाटली सध्या आमच्या ओट्यावर दिमाखात उभी आहे. बाटलीवर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब, खाली मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण नैसर्गिक’ आणि त्याखाली झुरळं, मुंग्या, ढेकूण या सगळ्यांचा नायनाट करण्याचं वचन. आत कडुनिंबाचं तेल, गवती चहाचा अर्क आणि उरलेलं सगळं पाणी. किंमत मी विचारली नाही, कारण मला रक्तदाब आहे. बदलापूरच्या ज्या टॉवरमध्ये आम्ही राहतो, तिथल्या महिला मंडळाने मागे मला ‘घरच्या घरी नैसर्गिक कीटकनाशकं’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका, म्हणजे फुकटात मिळणारी तज्ज्ञ. एका बाईंनी विचारलं, “मॅडम, नॅचरल आहे म्हणजे साइड इफेक्ट काहीच नाही ना?” मी म्हटलं, “धोतराही नॅचरल आहे. या एकदा घरी, भाजी करून घालते.” सगळ्या हसल्या. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. ज्यांच्या आयुष्यात निसर्ग कुंडीच्या पलीकडे गेला नाही, त्या बायका निसर्गाला मांजरीच्या पिल्लासारखं कुरवाळतात, आणि ते पाहून माझं डोकं तडकतं. आता खरं सांगायचं तर त्यांचा मला एवढा राग यायचं काही कारण नाही. त्या निदान बाटलीतलं पाणी शिंपडतात. मी सोळाव्या वर्षी त्यांच्याहून दसपट शहाणी होते आणि त्या शहाणपणाची किंमत दुसऱ्या दोघींनी चुकवली. ते लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळत आले.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पश्चिमेला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर ओटा आणि समोरासमोर आठ-आठ दारांची गल्ली. अप्पा, म्हणजे माझे वडील, फॅक्टरीत फिटर होते. भोंगा वाजला की गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकदम डब्यांची झाकणं लागल्याचा आवाज यायचा. तो आवाज संपला की आमच्या घरात दुसरा आवाज सुरू व्हायचा, तो आईच्या कातरीचा. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्सची बंडलं घरोघर यायची. शिलाईची सुटलेली दोऱ्याची टोकं कापून, पँटी घडी घालून परत द्यायच्या. आई भल्या सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापून, सुकटीची चटणी नाही तर वालाचं बिरडं करून मोकळी व्हायची आणि उंबऱ्याजवळच्या उजेडात त्या निळ्या ढिगाऱ्यात बसायची. दोरा शोधायला नजर लागायची आणि आईची नजर अशी होती की गल्लीतल्या बायका तांदळातले खडे वेचायला तिच्याकडे आणून द्यायच्या. अर्थात नाईकबाई सोडून.

नाईकबाई आमच्या समोरच्या दारात राहायच्या. त्यांच्याबद्दल चांगलं काही आठवावं म्हणून मी मनापासून प्रयत्न केला. त्या सोलकढी बरी करायच्या असं लोक म्हणत, मी कधी प्यायले नाही, कारण आमच्या घरी ती कधी आली नाही. आम्ही बौद्ध. नाईकबाई हे तोंडाने कधी बोलल्या नाहीत. त्या ‘तुमच्यात’ म्हणायच्या. “तुमच्यात पण दिवाळीला चकल्या करतात का गं?” असं विचारताना त्यांचा चेहरा अगदी प्रेमळ असायचा. त्या वर्षी गल्लीत ढेकूण झाले. ढेकूण कुणाच्या घरी पहिल्यांदा झाले हे देवालाही माहीत नव्हतं, पण नाईकबाईंना माहीत होतं. “कुठून कुठून ती बंडलं येतात, कोण कोण हाताळतं, मग ढेकूण नाही तर काय मोर येणार?” असं त्या नळावर आई ऐकेल अशा बेताने म्हणाल्या. आईने हंडा भरला, कमरेवर घेतला आणि घरी येऊन तो इतक्या जोरात ठेवला की निम्मं पाणी सांडलं. रविवारी सगळी गल्ली आपापल्या निवारीच्या खाटा उन्हात काढून उकळतं पाणी ओतायची आणि खाटा आपटायची. आई मात्र आमची खाट मागच्या बाजूला, मोरीपाशी न्यायची. आमची खाट उन्हात दिसली तर नाईकबाईंचं म्हणणं खरं ठरेल, असा तिचा हिशेब होता. रॉकेल झालं, पांढरी पावडर झाली. ढेकूण चार दिवस दम खायचे आणि पाचव्या दिवशी पुन्हा अप्पांच्या मानेवर लाल पुळ्यांची रांग.

अप्पांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरात वंदनेपुरती बुद्धाची एक लहान मूर्ती होती आणि बाकी कुठला देव, धागा, लिंबू, अंगारा उंबऱ्याच्या आत येऊ शकत नव्हता. रविवारी वंदना झाली की अप्पा मला समोर बसवून एकच धडा द्यायचे. कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नकोस, पोथीत आहे म्हणून मानू नकोस, ‘का’ विचार आणि पटलं तर घे. ते हे इतकं मन लावून सांगायचे की बोलताना त्यांचा चहा गार व्हायचा. धडा उत्तम होता, विद्यार्थिनी नालायक होती. त्या सगळ्यातलं मी सोयीचं तेवढं उचललं. कुणी काही सांगितलं की नाक मुरडायचं, एवढंच मी शिकले. ‘का’ विचारायला थांबावं लागतं, समोरच्याचं ऐकावं लागतं, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. वर्गात पहिली यायचे ना मी.

आणि मग हिराबाई. ती बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यावरून दर गुरुवारी टोपली घेऊन यायची. ऋतूप्रमाणे टाकळा, शेवळं अशा रानभाज्या, करवंदं, आणि दसऱ्याच्या सुमाराला सीताफळं. काटकुळी, काळी, दोन्ही दंडांवर गोंदलेली. बोलणं असं की निम्मं मला कळायचं नाही आणि उरलेलं मी कळून घ्यायचे नाही. गल्लीतल्या पाच-सात घरांत तिचं गिऱ्हाईक होतं. नाईकबाई तिला चहा द्यायच्या, म्हणजे ओट्याच्या कडेला खिळ्याला एक टवका उडालेला कप टांगलेला असायचा, त्यात वरून ओतायच्या. पिऊन झाला की हिराबाईने तो स्वतः नळावर विसळून पुन्हा खिळ्याला लावायचा. आमच्याकडे ती आत यायची आणि आम्ही ज्यातून प्यायचो त्याच निळ्या फुलांच्या कपातून प्यायची. आई ह्या बाबतीत फार कडक होती. “वेगळ्या कपाची चव मला माहीत आहे,” असं ती एकदा म्हणाली होती. मला वाटायचं, कप एक ठेवला की झालं, आमचं घर नाईकबाईंच्या घरापेक्षा वर. त्या कपातून चहा पिणाऱ्या बाईचं बोलणं अडाण्याचं म्हणून मनातल्या मनात केरात टाकणं, हाही वेगळा कपच असतो, हे मला कोण सांगणार?

हिराबाईच्या सांगण्यावरून आमच्या घरात बरंच काही बदललं होतं, हे कबूल केलं पाहिजे. तांदळाच्या डब्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला आला आणि पोरकिडे गेले. कपड्यांच्या ट्रंकेत वेखंडाचे तुकडे आले. संध्याकाळी मोरीपाशी फुटक्या घमेल्यात निर्गुडीचा पाला धुमसायचा, त्याच्या कडवट धुराने डास पळायचे आणि आईच्या केसांना तो वास रात्रभर राहायचा. मला अजूनही कुठे निर्गुडीचा वास आला की आई आठवते. ढेकणांचं आईने तिला सांगितलं ते सगळ्यात शेवटी, लाजत. हिराबाई लाजली नाही. पुढच्या गुरुवारी तिने फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणली. आत सीताफळाच्या वाळलेल्या बिया होत्या, काळ्याभोर आणि चकचकीत. त्या वाटून, त्याचा लगदा खाटेच्या सांध्यांत आणि निवारीच्या पट्ट्यांत भरायचा. दोन दिवसांनी उन्हात टाकून धुऊन काढायचा.

त्या दिवशी मी घरी होते आणि मुद्दाम वही घेऊन बसले होते, कारण शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. ‘घरगुती किडींवर वनस्पतिजन्य औषध’ हा माझा विषय मीच ठरवला होता. हिराबाईने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक बोट मोडत सांगायला लागली. “घरान नाय वाटाचा. भायेर, उघड्यावर बसाचा. वाऱ्याकरं पाठ कराची. नाकातोंडाला पदर. वाटताना बोलाचा नाय, एक सबूद नाय. सुका नाय वाटाचा, पान्यान भिजवून वाटाचा. वाटून झाला का पयला न्हायाचा, मंग पोरांना हात लावाचा.”

“एवढं सगळं कशाला?” मी विचारलं. म्हणजे विचारलं असं म्हणायचं, खरं तर मी हसले.

“नाय तं बियाची आई कोपते. डोल्यान जाऊन बसते.”

झालं. ‘आई कोपते’ एवढं ऐकल्यावर माझी पेन्सिल थांबली. वहीत मी ‘सीताफळाच्या बिया, बारीक पूड’ एवढंच लिहिलं आणि बाकी सगळं सोडून दिलं. हिराबाईने पुन्हा एकदा विचारलं, “ध्यानान ऱ्हाईल ना, पोरी?” मी म्हटलं, “हो हो, राहील.” आई चुलीशी होती, तिने सगळं ऐकलं होतं. परवा मी सुनेची ती बाटली फिरवून पाहिली, तर मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, ‘डोळ्यांशी संपर्क टाळा. हवेशीर जागेत वापरा. वापरानंतर हात धुवा.’ मी सुनेला दाखवलं. ती म्हणाली, “अहो आई, ते सगळ्यांवरच लिहिलेलं असतं.” आणि बंद स्वयंपाकघरात फुसफुस करून मोकळी झाली. तिला काय बोलणार?

रविवारी अप्पा ओव्हरटाइमला गेले होते. आमच्याकडे नुकताच मिक्सर आला होता. अप्पांनी बोनसमधून घेतलेला, झाकणाला अजून कागद चिकटलेला. पाट्यावर बिया भिजवून वाटत बसायचं, तेही मागच्या अंगणात तोंडाला पदर बांधून मुक्याने, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटली. शिवाय प्रदर्शनासाठी मला बरणीत दिसायला छान, कोरडी पूड हवी होती. लगद्याला कोण बक्षीस देणार? आई म्हणाली, “सुजाता, बाहेर बसून वाटूया ना. हिराबाईने सांगितलंय तसं. मी पाटा काढते.” मी तिच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण नाईकबाई जसं पाहायच्या तसं पाहिलं असणार. आणि म्हटलं, “आई, तू पण त्यातलीच का? देवी बसते म्हणे डोळ्यात. अप्पांना सांगू?”

आई सातवी शिकलेली. मुलीच्या शिक्षणापुढे ती नेहमीच थोडी दबायची आणि मी ते चांगलं ओळखून होते. तिने पाटा काढला नाही, मिक्सरचं भांडं पुसायला घेतलं. ही खटपट समोरून नाईकबाईंना दिसू नये म्हणून मी दार लावलं, पूड उडून सांडू नये म्हणून खिडकी लावली, पंखा बंद केला. अशी ती पूर्ण शास्त्रीय तयारी. मग मी पुढच्या खोलीत तक्त्यावर रंगीत पेनने सीताफळाचं पान काढायला बसले आणि आईने मिक्सर लावला. बिया फुटताना आधी खडखड आवाज आला, मग घरघर, मग नुसता घूं आवाज. तो थांबला. आईने झाकण उघडल्याचा आवाज आला. मग खोकला. ती काहीतरी म्हणाली, बहुतेक माझं नाव, आणि मी तक्त्यावरून मान वर न करता “आले” म्हटलं. पान अर्धं रंगवून झालं होतं, तेवढं पुरं करूनच उठले.

आत गेले तेव्हा आई स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी होती. चेहऱ्यावर पिवळट भुकटी आणि ती पदराने डोळे पुसत होती, त्याच पदराने, ज्यावर पूड बसली होती. “आग होतेय गं, आग होतेय.” मी काय करावं? मी कपाटातली गुलाबपाण्याची बाटली शोधायला धावले. गुलाबपाणी डोळ्यांना थंड, आणि नैसर्गिकही. आईने माझा हात झिडकारला, चाचपडत मोरीत गेली आणि हंड्यातलं पाणी डोळ्यांवर मारत बसली. अप्पा परत येईपर्यंत ती तिथेच बसून होती. अप्पांनी तिला रिक्षात घातलं आणि उल्हासनगरला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि विचारलं, “सीताफल का बीज? सूखा पीसा? बंद कमरे में?” मी जमिनीकडे पाहत मान हलवली. त्यांनी दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि अप्पांना सांगितलं की डाव्याचं बरं दिसतंय, उजव्याचं आत्ता सांगता येत नाही.

पूड मात्र वाया गेली नाही. ती पाण्यात कालवून मीच आमच्या खाटेला लावली आणि मग खाट धुतली, बाहेर, नाकाला रुमाल बांधून. तेव्हा अक्कल आली होती. ढेकूण सगळे मेले, एकही राहिला नाही.

गुरुवारी हिराबाई आली. टोपलीत सीताफळं होती. अप्पा रजेवर होते, ओट्यावर बसले होते. गल्लीत एव्हाना पसरलं होतं की जंगलातल्या बाईने सुजाताच्या आईला काहीतरी विषारी दिलं, आणि पसरवण्यात नाईकबाईंनी आळस केलेला नव्हता. अप्पा उठले. “हिराबाई, तिथंच थांबा. काय दिलंत तुम्ही माझ्या बायकोला?” हिराबाईने टोपली खाली ठेवली. “बी दिला, दादा. कसा वाटाचा ता पोरीला सगला सांगतला व्हता.” अप्पा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे जागरणाने लाल होते. “सुजाता, सांगितलं होतं यांनी?”

हो म्हणायला किती वेळ लागतो? गल्लीतली दारं उघडी होती, नाईकबाई पदर सावरत पुढे आल्या होत्या. मी म्हटलं, “देवी डोळ्यात बसते, असं काहीतरी सांगत होत्या.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मला त्याची एवढी किळस आहे. सरळ खोटं बोलले असते तर निदान खोटं म्हणून पकडता आलं असतं. अप्पांना कुठे हात घातला की त्यांचे कान बंद होतात हे मला ठाऊक होतं आणि मी नेमका तिथेच घातला. त्यांचा चेहरा बदलला. “देवी! अहो, त्या बाईचे डोळे जायची वेळ आली आणि तुम्ही देवी सांगता? पुन्हा या गल्लीत पाय ठेवू नका.” नाईकबाई म्हणाल्या, “बरोबर बोललात, भाऊ.” त्या घराचं आणि आमच्या घराचं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं. हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अप्पांना म्हणाली, “बायचं डोलं पान्यान धुतलं ना? धूत ऱ्हावा. चोलू नका.” टोपली डोक्यावर घेतली आणि गेली.

प्रदर्शनात माझा दुसरा नंबर आला. हो, मी गेले होते. आईच्या डोळ्यांवर पट्ट्या असताना मी तक्ता आणि बरणी घेऊन गेले, परीक्षकांपुढे न अडखळता बोलले, आणि ‘ही माहिती कुठून मिळवली?’ या प्रश्नाला ‘पुस्तकांतून’ असं उत्तर दिलं. त्यांनी पाठ थोपटली. अप्पांनी प्रशस्तिपत्राला लाकडी चौकट केली. त्या दिवसांत त्यांना आनंद मानायला दुसरं काहीच नव्हतं.

आईच्या पट्ट्या निघाल्या. डावा डोळा बरा झाला. उजव्या बुबुळावर दुधाच्या सायीसारखा एक ठिपका राहिला, तो शेवटपर्यंत राहिला. तिने पुन्हा जीन्सचं बंडल मागवलं आणि उंबऱ्याजवळ बसली. दुसऱ्या दिवशी माल न्यायला आलेल्या माणसाने दोन पँटी वर काढल्या. दोऱ्याबरोबर कापडही कापलं गेलं होतं. “भाभी, ये दोनों पीस तो बेकार हो गए,” तो म्हणाला आणि उरलेलं बंडल उचलून घेऊन गेला. आई कातर हातात धरून तशीच बसून होती. मग ती म्हणाली, “मी दोन्ही वेळा ऐकलं, सुजाता. ती सांगत होती तेव्हा चुलीपाशी होते. तू अप्पांना सांगितलंस तेव्हा आत खाटेवर होते. पट्टी डोळ्यांवर होती, कानांवर नव्हती.” मी रडायला लागले. “रडू नकोस. मीही गप्प बसले, तुझी अब्रू जाईल म्हणून. त्या बाईला अब्रू नाही का? आज अप्पा आले की तू सांग. नाही तर मी सांगते.”

मी सांगितलं. अप्पांनी मारलं नाही. मारावं असं मला फार वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, “तिने सांगितलं तेव्हा ‘का’ म्हणून विचारलंस?” मी म्हटलं, “हसले.” मग ते म्हणाले, “मी तरी कुठे विचारलं?” आणि जेवण न करता झोपले.

पुढच्या गुरुवारी अर्धी रजा टाकून त्यांनी मला बदलापूरला नेलं. स्टेशनबाहेरच्या बाजारात पाड्यांवरच्या बायका ओळीने बसायच्या. हिराबाई टोकाला होती. आमच्या गल्लीतलं गिऱ्हाईक तुटल्यापासून तिला तिथे बसायला लागत होतं आणि जागा मिळायची ती गटाराकडची. अप्पा फॅक्टरीच्या खाकी कपड्यांत तिच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, “बाई, चूक आमची आहे. मुलीने सगळं सांगितलं. आता मला विचारायचं होतं ते विचारू द्या. वाटताना बोलायचं नाही, ते का?”

हिराबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तोंडान जाते पूड.”

“वाऱ्याकडे पाठ?”

“डोल्यान उरते.”

“उडते, बरं. आणि भिजवून?”

“मंग उरत नाय.”

“आंघोळ?”

“हाताला ऱ्हाते. पोरांच्या डोल्याला लागते.”

अप्पा एकेक उत्तराला मान हलवत होते, जशी मी त्यांच्या धड्याला कधीच हलवली नाही. शेवटी ते म्हणाले, “मग हेच सांगायचं ना, बाई. मध्ये ती देवी कशाला?”

हिराबाईने एक सीताफळ उचलून दाबून पाहिलं आणि परत ठेवलं. “पोरांना डोल्यान जाईल सांगतला तं आयकत नाय, दादा. आईला भितात. आमची पोरां भितात.” मग तिने माझ्याकडे बोट केलं. “ही आईला पन भ्याली नाय, आन् डोल्याला पन भ्याली नाय.”

मी हात जोडले आणि माफी मागितली. ती म्हणाली, “मना नको सांगू. जिथं हाकलली तिथं सांग.”

संध्याकाळी गल्लीत परतल्यावर अप्पांनी आमच्या घराचं दार उघडलं नाही. ते आधी समोर गेले, नाईकबाईंची कडी वाजवली आणि मला पुढे केलं. जिच्यापुढे आमची खाट उन्हात दिसू नये म्हणून आईने इतके महिने मागच्या मोरीत कंबर मोडून घेतली, तिच्यापुढे मला सांगावं लागलं की हिराबाईने नीट सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आईचा डोळा माझ्यामुळे गेला आणि वर मी दोष हिराबाईवर ढकलला. मग दुसरं दार, मग तिसरं. नाईकबाई पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत आमच्या मागे आल्या, एक शब्द चुकू नये म्हणून. अप्पांनी ते प्रशस्तिपत्र काढलं आणि चौकट आईला आरशासाठी दिली.

हिराबाई परत यायला लागली. पुन्हा त्या पाच-सात घरांत माल द्यायची, आमच्याकडेही. आई तिला पाहिलं की आत चहा टाकायची आणि निळ्या फुलांचा कप धुऊन, पुसून ओट्यावर ठेवायची. हिराबाई सीताफळं मोजून द्यायची, आईच्या डोळ्याची चौकशी करायची आणि म्हणायची, “ऱ्हाऊ दे बाय, आता नको.” मग समोर जायची. आईचा चहा कपात निवायचा आणि समोर हिराबाई नाईकबाईंच्या ओट्याच्या कडेला बसून, खिळ्यावरचा तो टवका उडालेला कप स्वतःच्या हाताने काढून, त्यातून चहा प्यायची.